नववा माणूस

बेको ग्दान्स्कला गेला तेव्हा कॉम्प्युटर इथंच राहिला.
बॅगेत मावला नाही, एवढंच कारण.
दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड, पंख्याचं एक पातं तुटकं,
आणि बाजूचं झाकण काढलं तर आत
चियातुराची काळी धूळ,
खाणीतून उडून चौथ्या मजल्यापर्यंत आलेली.
जुन्या टूथब्रशनं मी ती झाडत बसले.
बाबुआ म्हणाला, माझं फुप्फुस असंच असेल बघ,
आणि हसला, आणि बराच वेळ खोकला.

खेळ उतरायला दोन रात्री लागल्या.
ट्रक. घाट. बर्फ.
पहिल्याच वळणावर चित्र अडकलं,
सुटलं, परत अडकलं.
दरीत पडल्यावर मला कळलं की वळण येऊन गेलं होतं.

एल्गुजा बाबुआनं एकतीस वर्षं
वरच्या स्टेशनात रोपवेचा दांडा धरला.
पाळण्यात आठ माणसं.
नववा चढला तर दार लावायचं नाही,
मग तो खाणीचा साहेब असो नाहीतर सख्खा मेहुणा.
(मेहुणा एकदा होता. अजून बोलत नाही.)

खुर्ची ओढून तो शेजारी बसला.
यात सगळ्यात जड कोण?
सावल्या, मी म्हटलं.
उतरव.
गवत?
याचं प्रत्येक पातं वेगळं हलतं, बाबुआ.
फाजील लाड. उतरव.
पाण्यातली प्रतिबिंबं म्हटल्यावर जरा थांबला.
खाली क्विरिला काळी वाहते,
तिनं कुणाला तोंड दाखवल्याचं त्याला आठवेना.
उतरव.
टेक्स्चर मेमरीत बसून असतात, मी सांगितलं,
मावतात तोवर कुणाला त्रास नाही.
मग राहू देत. गुमान बसलेल्याला कोण उठवतं?

लांबचे डोंगर मी धुक्यात ढकलले.
त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही,
नोव्हेंबर लागला की आमच्याकडेही हेच.

आता कोपऱ्यातला आकडा उड्या मारू लागला :
बावन्न, सत्तेचाळीस, अठ्ठावन्न,
एकतीस,
पंचावन्न.
मी टाळी द्यायला हात वर केला.
त्यानं दिली नाही.
अजून हिसकतोय.
अरे पण पन्नासच्या वर आहेत!
वेगानं कुणी ओकत नाही, पोरी. हिसक्यानं ओकतात.
कमीत कमी किती येतात?
एकतीस.
मग तिसावर बांध.

मला राग आला. पन्नास धावणाऱ्याला
तिसाच्या दावणीला कोण बांधतं?
दोन दिवस बांधलंच नाही.
तिसऱ्या दिवशी, तो झोपलेला असताना, बांधलं.

आणि घाट सरळ हातात आला.
वळण सांगून येऊ लागलं.
बर्फ एका चालीनं पडू लागलं, ना घाई ना ठेच,
आणि सावली नसलेला तो ट्रक
रस्त्याच्या बोटभर वरून
तरंगत निघाला.

उठून आला तेव्हा बाबुआ मागे उभा राहिला.
चाकं टेकलेली नाहीत, म्हणाला.
चूक काढत असावा असं मला वाटलं.
पण त्याचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर होता,
मूठ वळलेली,
आणि प्रत्येक वळणाला ती
अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे.

झुझुना मावशी भिंतीवर ठोकते, पंखा किती ओरडतो म्हणून.
आम्ही खिडकी उघडतो, कॅबिनेट थंडीत सरकवतो,
अंगावर दोन दोन स्वेटर चढवतो.
बेकोला फोनवर सांगितलं तर म्हणाला,
तीसवर कोण खेळतं आता?

काल रात्री दिवा मालवल्यावर
मी हळूच सावल्या चालू केल्या.
एकदाच, बघावं म्हणून.
पाइनची झाडं रस्त्यावर आडवी पडली, निळसर, इतकी सुंदर,
की ट्रक गचकला तरी मी बघत राहिले.
पंख्याचा आवाज जरा चढला असेल.

भिंतीपलीकडून, झोपेतूनच असावं,
बाबुआ म्हणाला :
कुणाला चढवलंस गं?